तिकडूनच बंद पडलंय

मला माणसांपेक्षा जर्नलांवर जास्त विश्वास आहे, असं आमच्या घरी चेष्टेत म्हणतात. चेष्टा म्हणून ठीक आहे, पण खरं नाही. ज्या एका माणसावर मी डोळे झाकून विश्वास ठेवला, त्याच्याच हातात मी माझी जर्नलं दिली होती.

हिंगोलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले तेव्हा नवीन संशोधन वाचायचं म्हणजे रजा टाकायची आणि सकाळची एसटी धरायची. वारंगा फाट्यावर गाडी थांबली की गरम भजी खायची आणि पुढे विद्यापीठाच्या लायब्ररीत जाऊन जर्नलांचे शिळे अंक चाळायचे. दुपारभर वाचून झेरॉक्सचा गठ्ठा काखेत मारून परत यायचं. पुढे जर्नलं इंटरनेटवर आली तर नवीनच पंचाईत झाली. रोज किती साइटी उघडून बघणार? शेजारणीच्या दारात रोज जाऊन ‘काही नवीन?’ विचारावं तसं ते वाटायचं, आणि बहुतेक वेळा नवीन काही नसायचंच.

मग एका उजळणी वर्गात एका तरुण ग्रंथपालाने आम्हाला फीड दाखवलं. जर्नलच्या पानावर एक छोटासा नारिंगी चौकोन असतो. त्याचा पत्ता उचलायचा, आपल्या वाचकात, म्हणजे फीड गोळा करणाऱ्या एका पानात, टाकायचा. त्या दिवसापासून तिकडे नवा लेख आला की त्याचं शीर्षक, लेखकांची नावं आणि चार ओळी आपोआप आपल्या पानावर येऊन बसतात. आपण कुठे जायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. बाकीचे प्राध्यापक जेवणाची सुट्टी कधी होते म्हणून घड्याळाकडे बघत होते. मी मात्र त्या दुपारी परागीभवन, कीटक, तेलबिया असं आवडीचं एकेक जर्नल शोधून दूधवाल्याचा रतीब लावावा तसा जर्नलांचा रतीब लावला.

त्यानंतर काही वर्षांनी तो, ज्याच्यावर मी विश्वास ठेवला तो माणूस, आमच्या विभागात शिकवायला आला, तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास शिकवाल तितक्याचेच पैसे, तेही कॉलेजला आठवण झाली की, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. शेतकऱ्याच्या घरातला, कष्टाळू, हसरा. काचपट्ट्या धुवायला शिपायाची वाट बघायचा नाही. मी रोज सकाळी कॉम्प्युटरवर काय बघते हे त्यानेच पहिल्यांदा विचारलं. बाकी कुणाला तो प्रश्न पडला नव्हता, म्हणून मला तो फार आवडला. मी त्याला सगळं शिकवलं. विभागात चालणारा कॉम्प्युटर एकच होता. तू तुझं वेगळं खातं काढ म्हटलं, तर म्हणाला, “काहून मॅडम? एका चुलीवर दोघांचं शिजतंय की.” म्हणून खातं एक, पासवर्ड एक आणि वाचणारे दोघं.

पहिल्या तासाच्या आधी चहा यायचा. तो शीर्षकं मोठ्याने वाचायचा आणि मी नुसतं म्हणायचे, दाणा किंवा भुस्सा. हे शब्द त्याचेच. कामाचा लेख म्हणजे दाणा. त्याच्यापुढे तारा लावायचा म्हणजे नंतर सवडीने वाचता येतो. भुस्सा तसाच उडू द्यायचा. पुढे पुढे माझं मत विचारायची गरज उरली नाही. मला काय लागतं ते त्याला माझ्यापेक्षा लवकर कळायचं. मी फक्त तारे लावलेले लेख उघडू लागले. त्या काळात मला कुणी विचारलं असतं की तुझ्या डोक्यात काय चाललंय हे कुणाला माहीत आहे, तर मी नवऱ्याचं नाव घेतलं नसतं.

मला सख्खा भाऊ नाही. दिवाळीला तो गावाकडे जायच्या आधी आमच्याकडे यायचा आणि मी त्याला ओवाळायचे. कॉलेजात मॅडम आणि घरात ताई, असा त्याने आपला आपणच नियम केला होता.

आमचं काम होतं करडईच्या फुलांवर येणाऱ्या मधमाश्यांवर. शेत माझ्या मामाचं, पुसेगावचं. आता करडई कोण पेरतं? काट्यांमुळे कापायला माणूस मिळत नाही, पायांना पोती गुंडाळून शेतात शिरावं लागतं. पण घरच्या तेलाशिवाय मामाला जेवण जात नाही, म्हणून त्याने ती टिकवली होती. माझ्यासाठी तो बांधाकडचा एक पट्टा फवारणीशिवाय सोडायचा. त्या पट्ट्यावर मावा चढायचा, झाडं चिकट होऊन काळी पडायची, शेजारचे मामाला हसायचे. “भाचीचा अभ्यास चालू हाय,” एवढंच तो म्हणायचा.

फुलोऱ्याच्या दिवसांत आम्ही दोघं उजाडता पुसेगावला पोचायचो. खुणेची सुतळी बांधलेल्या झाडांपुढे बसून कोणती माशी आली, किती वेळ थांबली, ते टिपायचं. आग्या यायची ती घाईघाईने, सातेरी शहाण्यासारखी ओळीने फुलं घ्यायची, आणि फुलोरी, ती सगळ्यात बारकी माशी, एकाच फुलात घर केल्यासारखी बसून राहायची. लोक माश्या हाकलतात आणि तुम्ही मोजताय, असं म्हणत मामा बांधावर भाकरी घेऊन यायचा. तीन हिवाळे आम्ही ते केलं. फवारणी न केलेल्या पट्ट्यात मावा असूनही बोंडं जास्त भरत होती, कारण माश्या तिकडेच जात होत्या. ही गोष्ट ध्यानात आली तो दिवस मला आठवतो. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे, आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसत सुटलो.

मी उशिरा पीएचडीला नाव घातलं होतं. मुलीची बारावी झाली, सासूबाईंचं दुखणं संपलं, मग माझी पाळी आली. नियम असा की आधी पेपर छापून आला पाहिजे, मगच थिसिस जमा करता येतो. तर हा पेपर म्हणजे माझा थिसिस आणि थिसिस म्हणजे माझी बढती. पण बढतीचं सोडा. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःला सापडलेलं असं काहीतरी मी सांगणार होते. उन्हाळ्यात मी मजकूर लिहून काढला. आलेख तो करणार होता, कारण कॉम्प्युटरवर त्याचा हात बसलेला. सगळे आकडे आणि मजकूर मी त्याला दिला. पहिलं नाव माझं, दुसरं त्याचं, हे ठरलेलंच होतं. त्यावर बोलायची वेळही कधी आली नव्हती.

आलेख काही होईनात. आधी त्याचा लॅपटॉप बिघडला, मग परीक्षेची पेपर तपासणी आली, मग त्याच्या घरी सोयाबीनची गडबड. मी दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा लाज वाटली. दिवाळीला तो आला. मी ओवाळलं, त्याने ओवाळणीत साडी ठेवली. त्याची मिळकत मला माहीत होती, म्हणून मी त्याला रागावलेसुद्धा. चिवड्याचं दुसरं ताट घेत त्याने मला सांगितलं की आलेख आता होतच आलेत.

त्या हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं की माझ्या सगळ्यात लाडक्या जर्नलचं, परागीभवनावरच्या, बरेच दिवस काहीच आलेलं नाही. फीडची एक खोड आहे. बंद पडलं तरी ते आवाज करत नाही. दूधवाला आला नाही तर पातेलं रिकामं दिसतं. इथे बाकीच्या जर्नलांनी पान भरलेलंच असतं, त्यामुळे एक कमी झालं ते कळायला वेळ लागतो. चहा घेता घेता मी त्याला विचारलं, त्या जर्नलचं काही येत कसं नाही रे. त्याने पडद्यावरून नजर काढली नाही.

“तिकडूनच बंद पडलंय मॅडम,” तो म्हणाला. “मी पाह्यलं. पत्ता बदलला आसंल.”

असं होतं खरं. प्रकाशक साइट बदलतात, पत्ते मोडतात. मी म्हटलं, सवड झाली की नवा पत्ता शोधू, आणि विषय सोडून दिला.

सवड झाली ती स्नेहसंमेलनाच्या दिवशी. मुलं मांडवात होती, लाउडस्पीकर सुरू होता, आणि तो दुसऱ्या जिल्ह्यात एका मुलाखतीला गेला होता. दहीसाखर मीच हातावर ठेवली होती. विभागात मी एकटी. म्हटलं, चला, तेवढं जर्नलचं काम करून टाकू. मी त्या जर्नलची साइट उघडली. नारिंगी चौकोन होता तिथेच होता. पत्ताही जुनाच. मला वाटलं, दुरुस्त केलं असेल त्यांनी. पत्ता उचलून पुन्हा वाचकात टाकला. फीड नव्याने जोडलं की ते आपल्यासोबत अलीकडचे लेखही घेऊन येतं. तशी शीर्षकं भराभर येऊन ओळीने उभी राहिली.

त्यांत माझं शीर्षक होतं. मी केलेलं, शब्दाला शब्द. खाली लेखकांची नावं दोन. एक त्याचं आणि दुसरं त्याच्या पीएचडीच्या गाईडचं, ज्यांनी पुसेगाव नकाशातही बघितलेलं नसेल. लेख उघडला. वाक्यं माझी होती, एक-दोन ठिकाणी माझी नेहमीची लांबण लावायची सवयसुद्धा तशीच राहिलेली. आणि होतच आलेले ते आलेख तिथे होते, फार सुंदर केलेले. शेवटी बारीक अक्षरात आभार होते. पुसेगावच्या एका शेतकऱ्याचे शेत वापरू दिल्याबद्दल आणि माझे, नावानिशी, शेतातल्या मदतीबद्दल.

मांडवात कुणीतरी गाणं म्हणत होतं आणि मुलं टाळ्यांनी ठेका धरत होती. मी तो लेख पुन्हा वाचला. मग हळूहळू दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. फीड तिकडून बंद पडलंच नव्हतं. आमच्या वाचकातून ते काढलं गेलं होतं. आणि काढायला गेलं की वाचक आधी विचारतो, नक्की काढायचं का? आपण हो म्हणावं लागतं. त्या खात्याची किल्ली दोघांकडेच होती, आणि मी हो म्हटलं नव्हतं.

पेपर गेला याचं दुःख होतंच. पण अंगाचा जाळ झाला तो ह्यामुळे. रोज सकाळी माझ्यासमोर चहा पीत, मला एकेक शीर्षक वाचून दाखवत तो बसत होता, आणि त्याला माहीत होतं की आपण काय वाचत नाही आहोत.

पुढच्या आठवड्यात तो पेढे घेऊन आला. कायम जागेवर निवड झाली होती. त्याने माझ्या पायाला हात लावला, खोका पुढे केला. मी पडदा त्याच्याकडे वळवला. त्याने वाचलं, मग खुर्चीत बसून खाली मान घालून बोलायला लागला. मुलाखतीत पेपर विचारतात आणि त्याच्याकडे एकही नव्हता. नावं वाढली की पेपरचे मार्क वाटले जातात, असं गाईड म्हणाले. वय चाललं होतं, नोकरी कच्ची म्हणून दोनदा लग्न मोडलं होतं. यातलं मला काय नवीन होतं? त्याच्या नोकरीसाठी मी कुठे कुठे शब्द टाकला होता हे त्यालाही माहीत होतं. मी म्हटलं, अरे, मागितलं असतंस तर पहिलं नाव मी तुला दिलं असतं.

“तुमी पर्मनंट हायत ताई,” तो म्हणाला. “तुमाला काय घाई व्हती?”

कॉलेजात तो मला ताई म्हणाला तो एवढाच एकदा.

“पेपरचं राहू दे,” मी म्हटलं. “फीड काहून काढलंस?”

“तुमाला तकलीफ होऊ नये म्हणून.”

तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. त्याने खरोखरच माझा विचार केला होता, मी दुखावू नये म्हणून काळजी घेतली होती, आणि त्या काळजीची मला आजही चीड येते. जाताना दारात थांबून तो म्हणाला की शेवटी तुमचं नाव हाय की त्यात. पेढ्यांचा खोका टेबलावरच राहिला, शिपायाने दुपारी सगळ्यांना वाटून टाकला.

प्राचार्य म्हणाले, घरातलं भांडण आहे, बाहेर नेऊ नका, बिचाऱ्याची ऑर्डर अडकेल. माझे गाईड जास्त व्यवहारी. ते म्हणाले, आता तुम्हाला थिसिसमध्ये या पेपरचा संदर्भ द्यावा लागेल, नाहीतर तुम्हीच त्याचं उचललंत असं दिसेल. जर्नलच्या संपादकांना मी मेल लिहिला होता, पुरावेही होते. तो पाठवला नाही. त्याची नोकरी वाचावी असा मोठेपणा माझ्यात नव्हता. मला भीती वाटली, की चौकशीत तो समोर उभा राहील आणि मान खाली घालून सांगेल की ताईंनी मदत केली. ते छापलेलं मी वाचलं होतं. त्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

मामाला मात्र सांगावंच लागलं, कारण तो दर वेळी विचारायचा, आलं का छापून. मी मोबाइलवर ती शेवटची ओळ दाखवली आणि अर्थ सांगितला. त्याला कोण आनंद झाला.

“म्हंजे आपुन मामा-भाची एकाच ओळीत,” तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, “आन त्या पोराचं नाव?”

मी म्हटलं, वर. सगळ्यात वर. मामाने मोबाइल माझ्या हातात दिला आणि तो बांधाकडे गेला. परत आल्यावर त्याने एवढंच विचारलं की औंदा बी पट्टा सोडू का. मी सोड म्हटलं. थिसिस पुन्हा उभा करायचा होता, आता नव्या प्रश्नावर, एकटीने माश्या मोजून.

तो नव्या गावी गेला. मी सकाळी एकटीच चहा घेऊन बसायला लागले, आणि पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट दिसली. न वाचलेली शीर्षकं ठळक असतात, वाचली की फिकी पडतात. मी उघडायच्या आधीच ती फिकी झालेली असायची. काहींच्या पुढे तारे होते. तो तिकडे, त्याच्या नव्या विभागात, त्याच वेळेला आमचंच खातं उघडून बसत होता आणि पूर्वीसारखे दाणे निवडून माझ्यासाठी ठेवत होता. निवड अजूनही अचूक होती.

पासवर्ड बदलायला मिनिटही लागत नाही. मी बदलला नाही. का नाही, ते नीट सांगता येत नाही. रागाने बसायचे आणि तारे लावलेले लेख वाचायचे. पण एक सवय लागली ती लागलीच. दर शनिवारी मी एकेका जर्नलच्या साइटवर स्वतः जाऊन बघू लागले, की फीड चालू आहे ना, काही गळत तर नाही ना. रतीब लावलेला असून मी पुन्हा दारोदार फिरायला लागले. पूर्वी काही आलं नाही तर मी समजायचे, आज नवीन काही नाही. आता मला तसं समजता येत नाही. घरात मुलीचा फोन आला नाही, नवरा काही बोलला नाही, तरी मनात येतं की आलं नाही, की कुणी काढून ठेवलंय.

पुढच्या फुलोऱ्यात एके सकाळी एका लेखापुढे तारा दिसला. लांबच्या कुठल्या तरी देशातल्या लोकांचा लेख, करडईवरच्या माश्यांचाच. मी उत्सुकतेने उघडला. त्यांनी आमच्या पट्ट्याचा दाखला दिला होता. बिनफवारणीच्या पट्ट्यात बोंडं जास्त भरतात हे अमक्याने दाखवलं आहे, असं लिहून कंसात त्याचं आडनाव. आमच्या कामाची बाहेरच्या जगात कुणी दखल घेतल्याची ती पहिली वेळ. तारा त्याने लावला होता. ताईला आनंद होईल असं त्याला वाटलं असणार.

मी खात्याचा पासवर्ड बदलला. वाचकाने विचारलं, नक्की का, मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चहा आला आणि फोन वाजला. तो गेल्यापासून आम्ही बोललो नव्हतो. मागे त्याच्या विद्यार्थ्यांची गडबड ऐकू येत होती, बेल झाली होती बहुतेक. आवाज तोच, सकाळचा, काम सांगायचा.

“ताई, आपलं फीड उघडंना झालंय. पासवर्ड चुकीचा म्हणून राहिलं.”

मी पडद्याकडे बघितलं. सगळी शीर्षकं ठळक होती, एकही वाचलेलं नव्हतं.

“तिकडूनच बंद पडलंय,” मी म्हटलं.

तो नुसतं “व्हय” म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.